झरीचा ट्रेलर लेव्हलला आणताना

गॅरेजमधलं कुठलंही काम संपलं की एखादा नट उरतोच. तो कुठला, हे कुणालाच सांगता येत नाही. गाडी तर व्यवस्थित चालत निघून गेलेली असते! मग तो नट उचलून डब्यात टाकायचा. भीखूभाईंच्या गॅरेजमध्ये असे तीन डबे भरले होते, आणि त्यातला एकही नट पुन्हा कशाला लागल्याचं मी पाहिलं नाही. तरी भीखूभाई ते फेकत नव्हते. किश्शांचंही तसंच. कुणी गोळा करायला बसत नाही, काम करता करता उरतात. मित्र भेटले की मी माझा डबा उघडतो. आज जे काढतोय ते सगळे एकाच कामातून उरलेले आहेत.

आधी काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

२०१७ साल. तलासरीला हायवेच्या कडेला भीखूभाईंचं गॅरेज. मी इंजिनीयरिंग संपवून डहाणूला घरी परतलो होतो आणि ‘कंपनीत नोकरी करणार नाही, लोकांच्या उपयोगाचं काहीतरी बनवणार’ असं जाहीर करून बसलो होतो. वडील चिकूची करंडी भरत होते. मान वर न करता म्हणाले, "लोकांना विचारलंस का?"

झरीच्या बायकांच्या बचत गटाला मुंबईच्या एका संस्थेनं भात भरडायचं छोटं हलर आणि डिझेल इंजिन दिलं होतं. पाड्यावरून गिरणीपर्यंत डोक्यावर भात न्यायचं, रांगेत बसायचं, तांदूळ घेऊन परत चालायचं, यात बाईचा अख्खा दिवस जातो. त्याऐवजी गिरणीच पाड्यावर न्यायची. पण अट होती. एक हंगाम चालवून दाखवायचं, मग संस्थेचा माणूस येऊन बघणार. तांदूळ नीट निघाला तर मशीन झरीला राहील, नाहीतर दुसऱ्या तालुक्यात जाईल. गटाच्या अध्यक्ष देवकीबाय. त्यांनी पाड्यापाड्यावर जाऊन सांगून ठेवलं होतं, "यंदा गिरणीत जायचं नाय. गिरणी दारात येईल." शब्द त्यांनी दिला होता. तो खरा करायचं काम मी अंगावर घेतलं होतं.

मशीन ट्रेलरवर बसवायचं आणि ट्रेलर पिकअपनं ओढायचा. साध्या हुकावर ओढला तर चढउतारावर ट्रेलर शेपटासारखा हलतो. म्हणून मोठ्या ट्रेलरांना असतं तसं टर्नटेबल लावायचं ठरलं. पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर वर, एक गोल लोखंडी पाट. ट्रेलरची पुढे आलेली मान मागच्या फाळक्यावरून आत येते आणि त्या पाटावर टेकते. इंग्रजीत याला फिफ्थ व्हील म्हणतात. भार गाडीच्या पाठीवर येतो, चाल शांत होते. फक्त दोघांची उंची जुळायला हवी. मान उंच राहिली तर ट्रेलर मागे कलतो, मान खाली गेली तर पुढे. आणि कललेल्या गिरणीत दाणे एका बाजूला पळतात आणि तांदळाऐवजी कणी पडते.

मला वाटलं, दोन आठवड्यांचं काम!

*

पहिल्या दिवशी मी ड्रॉइंगची प्रिंट घेऊन गेलो. आठवडाभर खपून केलेलं, तीन बाजूंनी, रंगीत. भीखूभाईंच्या टेबलावर पसरलं. वेल्डिंग करणारे रमणदादा हात पुसत बघायला आले. ते स्वतः झरीचेच.

"बघा दादा," मी म्हटलं, "पिकअप, टर्नटेबल, ट्रेलर. एकदम लेव्हल."

रमणदादांनी बराच वेळ पाहिलं. मग कागदाचं एक टोक हळूच उचललं.

"टेबल सपाट हाय म्हणून हा लेव्हल हाय. झरीला कशावर ठेवणार?"

ते हसले नव्हते. खरंच विचारत होते. मी मात्र त्यांना अर्धा तास स्केल म्हणजे काय ते समजावलं.

*

पिकअप काशिनाथची. डहाणूहून चिकू भरून न्यायचा त्याचा धंदा. आठवड्यातून दोन दिवस ट्रेलर ओढायला तो कबूल झाला होता.

सोमवारी मी त्याच्या हौद्याची जमिनीपासूनची उंची मोजली. एकतीस इंच. बुधवारी खात्री करायला पुन्हा मोजली. साडेअठ्ठावीस! शुक्रवारी मोजली तर बत्तीस.

मी नवीन टेप आणली.

नव्या टेपनंही तेच. शेवटी काशिनाथलाच विचारलं. तो चहा पीत होता. म्हणाला, "सोमवारी गाडी खाली होती. बुधवारी चिकू भरले होते. आन गुरुवारी मी मागच्या स्प्रिंगला एक पाटा वाढवला, माल जास्त बसतो म्हणून."

"अरे पण कंपनीच्या पुस्तकात एकच उंची दिली आहे!"

"पुस्तकातली गाडी चिकू नाय भरत, भाऊ."

*

अखेर ‘खाली गाडी, हवा पूर्ण, सपाट जमीन’ असं मी ठरवून टाकलं. गॅरेजच्या फरशीवर पिकअप उभी केली, तिच्यामागे ट्रेलरचा सांगाडा. मान टर्नटेबलवर टेकवली. स्पिरिट लेव्हल ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये! मी भीखूभाईंना मिठी मारायचा बाकी होतो.

मग ट्रेलर बाहेर हायवेच्या सर्व्हिस रोडवर काढला. पुन्हा लेव्हल ठेवली. मान दीड इंच वर.

आत नेला. बरोबर. बाहेर काढला. चूक. तिसऱ्या खेपेला रमणदादांनी पारदर्शक नळीत पाणी भरलं आणि नळीचं एक टोक गॅरेजच्या मागच्या भिंतीला धरून दुसरं दारापर्यंत आणलं. गॅरेजची फरशीच दाराकडे उतरती होती.

"भीखूभाई! तुमची जमीन वाकडी आहे!"

भीखूभाई गल्ल्यावरून उठलेसुद्धा नाहीत, आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले, "जो भाई, वाकडी नाय. मी करून घेतली हाय. धुतलं की पाणी बाहेर जायला नको?"

"मग आत्तापर्यंत बोलला का नाहीत?"

"तू पाण्याबद्दल कुठं विचारलंस?"

*

एक छोटा. आंध्रकडून आलेला बावीस चाकांचा ट्रेलर दुरुस्तीला उभा होता. त्याचा सरदारजी ड्रायव्हर आमच्या चिमुकल्या टर्नटेबलभोवती दोनदा फिरला, वाकला, ग्रीसला बोट लावून पाहिलं. मग भीखूभाईंना ओरडून म्हणाला, "भाई, हमारे ट्रेलर को बच्चा हुआ और हमें बताया भी नहीं!"

जाताना त्यानं आमच्या ट्रेलरसमोर हॉर्न वाजवला. एवढ्या वर्षांत माझ्या इंजिनीयरिंगला मिळालेला तो पहिला सन्मान.

*

जमिनीचं निस्तरलं, तर फाळका आडवा आला. खड्ड्यातून जाताना पिकअपचं मागचं तोंड वर येतं आणि ट्रेलरची मान फाळक्यावर आपटते. साधा उपाय: मागचा फाळका सहा इंच कापायचा.

काशिनाथ म्हणाला, "बाजूचे दोन्ही कापा. हवं तर टपसुद्धा कापा. मागचा नाय."

मागच्या फाळक्यावर दोन मोर होते आणि मधोमध लाल अक्षरांत ‘प्रियांका’. त्याची मुलगी, तेव्हा चौथीत.

मी भाषण दिलं. एका नावासाठी अख्ख्या झरीच्या बायकांनी डोक्यावर ओझी वाहायची का? सार्वजनिक काम म्हणजे काय? माणसानं थोडं मोठं व्हायला नको का? मी चांगला बोललो असणार, कारण काशिनाथनं मान खाली घातली. पण फाळक्यावरचा हात काढला नाही.

रमणदादांनी बिजागरीच्या दोन पिना ठोकून काढल्या, अख्खा फाळका उचलला आणि ट्रेलरच्या पाठीला नेऊन धरला. "हितं लावू. मागून येणाऱ्याला नाव दिसल्याशी मतलब."

काशिनाथ विचारात पडला. "आन ट्रेलर झरीला ठेवून मी एकटा डहाणूला गेलो तर?"

"तर प्रियांका मामाकडे राहायला आली असं समज."

"झरीत मामा कोण तिचा?"

रमणदादा वेल्डिंगचा चष्मा लावत म्हणाले, "मी हाय ना."

*

देवकीबाय एकदा बाजाराला आल्या होत्या तेव्हा गॅरेजमध्ये डोकावल्या. काम रेंगाळलं होतं, भात कापून झालं होतं, पाड्यावर लोक त्यांना विचारत होते. त्यांनी मला काही विचारलं नाही, ट्रेलरजवळ नुसत्या उभ्या राहिल्या. त्यामुळे मला जास्तच सांगावंसं वाटलं.

मी खडूनं फरशीवर चित्र काढलं. पिकअप उंच असली तर काय होतं, बुटकी असली तर काय होतं, चढावर भार कुणीकडे सरकतो. बाण काढले, कोन काढले.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दोघी जणी बांबूला पोतं अडकवून चढ चढतात, तसंच ना? पोतं खालच्या बाईकडे सरकतं. म्हणून उंच बाई मागं ठेवायची. उतार लागला की जागा बदलायची."

मी खडू खाली ठेवला. हेच मी तीन आठवडे गणितानं काढत होतो.

"तुम्हाला कुणी शिकवलं हे?"

"मान दुखली की कळतं," त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलून एसटीकडे निघाल्या.

*

आता पहिल्या फेरीचा.

मी एक पक्का नियम केला होता. मालाच्या गाडीत माणसं बसवायची नाहीत. धोक्याचं आहे, कायद्यातही बसत नाही. मी स्वतः ब्रश घेऊन हौद्याच्या आतल्या बाजूला लिहिलं होतं, ‘माणसांना बसण्यास सक्त मनाई’. काशिनाथनं वाचून विचारलं होतं, "हे कुणासाठी? हितं तर चिकू बसतात."

फेरीच्या दिवशी मी मोटरसायकलनं पुढे जाऊन पाड्यावर थांबलो. पिकअप आली. हळूहळू, ट्रेलर घेऊन, झोकात. आणि हौद्यात, टर्नटेबलच्या दोन्ही बाजूंना, पोत्यांवर अकरा बायका! वाटेतल्या पाड्यांवरच्या. त्यातली सोनी तर सहा महिन्यांची गरोदर.

मी पेटलोच. "देवकीबाय, आपलं ठरलं होतं! गाडीत फक्त भात. माणसं नाहीत."

देवकीबायनी मला शांतपणे विचारलं, "म्हणजे आमचं भात गाडीत बसणार, आन आम्ही चालत येणार?"

गाडी सावकाश चालवायची, हौद्याला धरायला दांडे लावायचे, एवढंच त्या दिवशी ठरलं. पाटी मात्र तशीच राहिली.

पण प्रश्न तिथे संपला नव्हता. अकरा जणी आणि त्यांची पोती, पिकअप मागून चांगली अडीच इंच दबली होती. ट्रेलर पुढे कललेला. मी म्हटलं, हरकत नाही, ट्रेलरला टेकू आहेत! चारही टेकू खाली सोडले, मान टर्नटेबलवरून उचलली. इंजिन सुरू झालं. त्या हादऱ्यानं टेकू मातीत शिरायला लागले, एक जास्त, एक कमी. खाली दगड दिले. दगड थरथरत थरथरत चालू लागले! एक तर शेजारच्या अंगणापर्यंत गेला. कोंबड्या पळाल्या. शेवटी ट्रेलर पुन्हा पिकअपवरच टेकवला, कारण तेवढी एकच गोष्ट जागची हलत नव्हती.

कललेल्या मशीनमधून पहिला घाणा निघाला. निम्मी कणी. मी लेव्हल दाखवत म्हणालो, "गॅरेजमध्ये बरोबर होतं हो!"

देवकीबायनी कणी ओंजळीत घेतली. मागे पाड्यावरची माणसं बघत उभी होती. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या बुडबुड्याला ठाऊक असेल. तांदळाला कुणी सांगितलं नाय."

मग रमणदादा पुढे झाले. त्यांनी एवढंच विचारलं, "बायांनो, मशीन चालेपर्यंत तुम्ही उतरणार का?"

"उतरून काय करू? सगळ्यांचं होईस्तोवर कुणी जायचं नाय," सोनी म्हणाली. तसा त्यांचा रिवाजच आहे. भरडायला एकत्र जायचं, शेवटच्या बाईचं झालं की एकत्र निघायचं. भात उतरलं की तांदूळ आणि कोंडा परत त्याच पोत्यांतून हौद्यात, आणि बाई परत पोत्यावर.

"मग हीच खरी उंची," रमणदादा म्हणाले. टर्नटेबलखालच्या स्टँडला उंची बदलायला एकच्या जागी पाच भोकं होती. माझ्या ड्रॉइंगमध्ये एकच होतं.

"ही पाच कधी पाडलीत?"

"तुमचं ड्रॉइंग बघितलं त्याच दिवशी."

पाण्याची नळी लावून, अकरा बायका बसलेल्या असताना, त्यांनी बोल्ट दोन भोकं वर सरकवले. दुसरा घाणा अख्खा निघाला. देवकीबायनी एक दाणा दाताखाली धरला आणि पाड्यावरच्या माणसांकडे पहिल्यांदा मान वळवून पाहिलं.

*

दोन आठवड्यांनी हादऱ्यानं ते बोल्ट ढिले व्हायला लागले. दर फेरीला आवळत बसायचा मला कंटाळा आला. मी भीखूभाईंना म्हटलं, "उंची आता ठरली आहे. वेल्ड मारून टाका."

"पक्का?"

"पक्का."

"एकदम पक्का? मग सरकणार नाय."

"नको सरकू दे!"

भीखूभाईंनी रमणदादांना खूण केली. ठिणग्या उडायला लागल्या तसे मला म्हणाले, "जो भाई, इतकी वर्षं मी हा धंदा करतो. माझ्याकडे सगळ्यात जास्त काम कसलं येतं, ठाऊक हाय? लोकांनी पक्कं केलेलं कापायचं."

*

संस्थेला दर महिन्याला अहवाल पाठवायचा असे. त्यात मथळा होता, ‘वाचलेल्या वेळेचा उपयोग’. मी वही घेऊन बायकांमध्ये बसलो. माझ्या मनात उत्तरं तयार होती. साक्षरता वर्ग, गटाची बैठक, परसबाग, असं काहीतरी.

"सोनी, गिरणीत जायचा दिवस वाचला. त्या दिवशी तू काय केलंस?"

"झोपले."

मी पेन तसंच धरून वाट पाहिली. "आणि?"

"आन काय? झोपले."

बाकीच्या हसायला लागल्या. मी म्हटलं, "ते ठीक आहे, पण अहवालात..."

देवकीबायनी माझी वही आपल्याकडे वळवली. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी रिकाम्या ओळीवर बरोबर बोट ठेवलं. "लिहा. दिवसा उजेडी झोपली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. लिहा ना, लाज कसली?"

मी लिहिलं.

*

आणि हा शेवटचा. संस्थेचे साहेब तपासणीला आले त्या दिवसाचा.

आदल्या दिवशी मीच सगळ्यांना बजावलं होतं, "उद्या गाडीत कुणीही बसायचं नाही. साहेबांना दिसलं तर मशीन जाईल." देवकीबाय "बरं" म्हणाल्या होत्या. त्याप्रमाणे सकाळी बायका वाटेतल्या पाड्यांवरून डोक्यावर पोती घेऊन चालत आल्या. पिकअप रिकामी, झाडून पुसून. ‘सक्त मनाई’ची पाटी मी ओल्या फडक्यानं चमकवली होती. मागे प्रियांकाचे मोर.

साहेब वयस्कर, कमी बोलणारे. त्यांना दुपारची गाडी पकडायची होती. पाटी वाचून त्यांनी मान डोलावली. मला बरं वाटलं. मग त्यांनी पिशवीतून स्वतःची पितळी लेव्हल काढली आणि ट्रेलरच्या चौकटीवर ठेवली.

बुडबुडा पुढच्या टोकाला जाऊन चिकटला.

माझ्या तेव्हा लक्षात आलं. मान वर होती, चांगली अडीच इंच. आपण वेल्ड मारलेली उंची रिकाम्या गाडीची नव्हतीच.

रमणदादांनी स्टँडकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वेल्ड कापायचा गॅस तलासरीला, गॅरेजात.

"चालवून बघू," साहेब म्हणाले. इंजिन सुरू केलं. पहिला घाणा पडला. साहेबांनी मूठभर उचलून तळहातावर पसरला. कणी. पाड्यावरची माणसं जवळ सरकली. साहेबांनी फॉर्म काढला, पेनचं टोपण काढलं आणि जरा वाईट वाटल्यासारखं म्हणाले, "गाडीची आणि ट्रेलरची उंची जुळत नाही."

मी बोलायला तोंड उघडलं. हंगाम कसा चालला, अहवाल, पाटे, फरशी, सगळं एकाच दमात सांगायला लागलो.

देवकीबाय मशीनपाशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बायकांना म्हणाल्या, "चला गं. बसा आपापल्या जागी."

पहिली चढली. पाटे करकरले. दुसरी चढली, तिनं तिसरीला हात दिला. पोती वर गेली. साहेबांचं पेन थांबलं. बुडबुड्यानं पुढचं टोक सोडलं होतं. चौथी, पाचवी. प्रत्येक जणी आपापल्या पोत्यावर बसत होती, इकडेतिकडे नाही, जिथं हंगामभर बसली तिथंच. साहेब लेव्हलवर वाकले. सातवी, आठवी. इंजिन थांबवलेलं होतं, त्यामुळे पाट्यांचा आवाज स्पष्ट येत होता. नववी. दहावी.

बुडबुडा मधल्या रेघेच्या अलीकडे एवढासा राहिला. केसाएवढा.

सगळे थांबले. देवकीबायनी हौद्यात पाहिलं. टर्नटेबलच्या डाव्या अंगाची जागा रिकामी होती.

"सोनी नाय," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांची बाळंतीण हाय." मग माझ्याकडे वळल्या. "इंजिनीयर, चढा."

"मी?"

"तिच्या जागी बसा. वजनाला तिच्याहून कमीच भराल, पण आज चालवून घेऊ."

हौद्यातून दोन हात पुढे आले. मी चढलो. सोनीच्या जागेवर बसलो तेव्हा माझ्या डोक्याच्या बरोबर मागे माझ्याच अक्षरातली पाटी होती.

खाली साहेब बराच वेळ लेव्हलवर वाकून राहिले. मग बाजूला झाले. रमणदादांनी हँडल मारलं. देवकीबायनी भात ओतलं. तांदूळ पडायला लागला तसा त्यांनी हाताच्या ओंजळीत झेलला आणि साहेबांच्या तळहातावर, आधीच्या कणीशेजारी ठेवला. अख्खा, लांब, गरम.

साहेब दोन्ही ढिगांकडे बघत राहिले. मग तळहात तसाच जपून धरून त्यांनी दुसऱ्या हातानं फॉर्म गुडघ्यावर घेतला. एक रकाना भरला. दुसरा भरला. तिसऱ्यापाशी अडखळले.

"मशीनसोबत लागणारं साहित्य," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "इथे काय लिहू, बाई?"

देवकीबायनी पिकअपकडे बोट करून एकेक मोजलं.

"लिहा. बाया दहा."

मग बोट माझ्यावर आणून थांबवलं.

"आन इंजिनीयर एक."